दोन मिनिटं, बाई

डोळे लॅपटॉपवर, कानांवर हेडफोन आणि उजव्या हाताची दोन बोटं वर. मी चहा घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचले की आधी ती दोन बोटंच दिसायची. "दोन मिनिटं, बाई" असं तो तोंडाने म्हणायचाच असं नाही, बोटांवर भागायचं. त्याची दोन मिनिटं चहावर साय धरेपर्यंत चालत. मग मी कपावर बशी झाकायचे आणि गुडघे सांभाळत खाली यायचे.

तो माझा चौथीतला विद्यार्थी. पुणतांब्याच्या शाळेत माझी शेवटची वर्षं गेली आणि निवृत्त झाल्यावर मी गावातच राहिले. यजमान गेले, मुलगी बंगलोरला. तिने माझ्या घरात चांगलं इंटरनेट घेऊन दिलं, आई रोज दिसली पाहिजे म्हणाली. पहिले काही दिवस रोज दिसलोही एकमेकींना. पुढे रविवारच्या रविवार, आणि मग तिला जमेल तसं. भिंतीवरच्या त्या डब्यातला हिरवा दिवा मात्र दिवसरात्र लुकलुकत असायचा, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

करोनात पुण्याच्या कंपन्यांनी मुलांना घरी पाठवलं, तेव्हा तोही आला. तुमच्याही गावात आली असतील अशी मुलं, पाठीवर काळी बॅग घेऊन. बाकीची हळूहळू परत गेली. ह्याचे वडील त्याच वर्षी वारले. आई वस्तीवर एकटी, सोबत दोन गाई. कंपनी म्हणाली, काम झाल्याशी मतलब, कुठेही बसा. हा म्हणाला, मग मी इथेच बसतो. पण वस्ती गावाबाहेर, उसाच्या पलीकडे. तिथे फोन लावायचा तर बांधावर उभं राहावं लागे. म्हणून त्याने माझी माडीवरची खोली मागितली. मी लगेच हो म्हटलं. खोली रिकामी होती हे खरं, पण डोक्यावर कुणाची तरी पावलं वाजावीत असं मला फार वाटत होतं, हे त्याहून खरं.

सकाळी गाई पिळून, डेअरीवर दूध घालून तो यायचा. दुधाचा रिकामा कँड मोटारसायकलला अडकवलेला, शर्ट इस्त्रीचा. चप्पल जिन्याखाली काढायचा, शाळेत काढायचा तशी. मग दिवसभर वरून त्याचं इंग्रजी ऐकू यायचं. समोरच्याचं काहीच ऐकू येत नसे. खाली बसून ऐकताना वाटायचं, हा रिकाम्या वर्गाला शिकवतोय. आणि हसायचाही मधूनच एकटा. पहिल्यांदा मी दचकले होते.

कामाच्या वेळा कशा, असं मी एकदा विचारलं. तो कौतुकाने म्हणाला, "बाई, वेळेचं बंधनच नाही." बंधन नाही म्हणजे सुटकाही नाही, हे मला त्याच्याकडे बघून कळलं. दुपारी जेवायला उठला की फोन वाजायचा. दिवाळीत पाडव्याला तो वर, आणि त्याची आई ताट वाढून वस्तीवर. पगारी नोकरी मीही केली, पण घंटा झाली की फळा पुसून घरी यायचे. ह्याच्या नोकरीत घंटाच बसवायची राहून गेली होती.

आणि गाव? गावाच्या लेखी तो रिकामाच होता. "घरीच तर हाय," हे तीन शब्द त्याच्या मागे लागले होते. कुणाची विहिरीवरची मोटार जळाली, श्रीरामपूरला भरून आणायची. पाठवा त्याला, घरीच तर हाय. कुणाच्या सुनेला कोपरगावला दवाखान्यात न्यायचं. घरीच तर हाय. गणपतीची वर्गणी गोळा करायची, मुंजाच्या पाराला रंग द्यायचा, घरीच तर हाय. लोक माझ्या दारात उभं राहून माडीकडे हाका मारत. तो खिडकीतून हात बाहेर काढून दोन बोटं दाखवायचा, आणि खरंच काही वेळाने खाली येऊन जायचाही. नाही म्हणणं त्याला कधी आलंच नाही. चौथीतही डस्टर आणायला हाच जायचा.

एक प्रसंग त्याने मला स्वतःच हसत हसत सांगितला होता. वस्तीशेजारचे आजोबा वारले. ऐन मीटिंगची वेळ. खांदा द्यायला तर जायलाच हवं, आणि मीटिंगही सोडता येईना. हा एका कानात ते फोनचं बोंडूक घालून गोदावरीच्या घाटावर गेला. लोकांनी पाहिलं. मयतीला येऊन गाणी ऐकतो, असं गावभर झालं. तिकडे साहेबांनी नेमकं ह्यालाच काहीतरी विचारलं. उत्तर द्यायला ह्याने आवाज चालू केला, आणि बायकांचं रडणं सगळ्या कंपनीला ऐकू गेलं. साहेब म्हणाले, जरा शांत जागी बसत जा. "बाई, दोन्हीकडे शिव्या खाल्ल्या," तो म्हणाला आणि इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. नंतर एकटी असताना मला त्या हसण्याचं वाईट वाटत राहिलं.

तिशी उलटली आणि स्थळांचा विषय निघाला. मुलगा इंजिनियर, निर्व्यसनी, बागायत जमीन. फोनवर सगळं जुळायचं. मग पलीकडून प्रश्न यायचा, मुलगा असतो कुठे? घरीच असतो म्हटलं की बोलणं आवरतं घेतलं जायचं. कुणी म्हणे, नोकरी गेलेली दिसते. कुणी म्हणे, शेतीच करत असणार, लॅपटॉप दाखवायला. हेच काम हा पुण्याच्या खोलीत बसून करत होता तेव्हा मुलींचे बाप आपणहून फोन करायचे. खुर्ची तेवढी हलली होती, बाकी सगळं तेच होतं.

शेवटी मध्यस्थाने तोडगा काढला. मुलगा पुण्यात असतो असं सांगायचं. संगमनेरकडचे पाहुणे घर बघायला येणार होते. त्या दिवशी मुलाने पुण्याहून यायचं. म्हणजे सकाळी मोटारसायकलवर राहात्याला जायचं, गाडी ओळखीच्या दुकानात लावायची आणि पाहुण्यांदेखत एस.टी.ने यायचं. मी त्याला म्हटलं, हा काय पोरखेळ? तो म्हणाला, "आईची हौस आहे, बाई. होऊ द्या."

बायकांत बोलायला कुणीतरी शिकलेलं हवं म्हणून मलाही वस्तीवर नेलं होतं. पोहे झाले, चहा झाला. ठरल्याप्रमाणे हा पाठीवर बॅग घेऊन रस्त्यावरून चालत आला. धुळीने शर्ट मळलेला, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. शीण तेवढा खरा होता, कारण एस.टी. खच्चून भरलेली होती. मुलीच्या मामांनी उठून नमस्कार केला. प्रवास कसा झाला, पुण्यात पाऊस आहे का, असं सुरू झालं. आणि तेवढ्यात बांधावरून शेजाऱ्याने आवाज दिला, "काय रं, सकाळीच गाडी घेऊन कुठं गेल्तास? तुजं दूध मी घातलं डेअरीला."

त्याच्या आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता हा काहीतरी सारवासारव करील. त्याने बॅग खाली ठेवली आणि मामांसमोर खाली सतरंजीवर बसला.

"मामा, मी इथेच असतो. काम पुण्याच्याच कंपनीचं आहे, खोटं नाही. पण इथे बसून करतो."

मामा भले गृहस्थ होते. रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "मंग पुण्यात बसून का करत न्हाई?"

"आई इथे आहे."

मामांनी मान हलवली. त्यांना ते पटलं असावं. जाताना त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याच्या आईला म्हणाले, पोरगा लाखात एक आहे, पण आमची पोर वस्तीवर नाही राहायची. खोटं तेही बोलले नाहीत.

त्यानंतर एका दुपारी त्याची आई माझ्याकडे आली. वर तो कुणाशी तरी बोलत होता. ती वर गेली नाही. इतक्या वर्षांत ती एकदाही वर गेली नव्हती. गुडघ्यांचं निमित्त सांगायची, पण मला वाटतं, त्याच्या कामाच्या जागेचा तिला संकोच वाटायचा. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली, त्याच्या चपला सरळ करून ठेवल्या आणि हळूच विचारलं, "बाई, खरं सांगा. वर त्यो काम करतो ना?"

मी चमकले. मी म्हटलं, "वहिनी, करतो म्हणजे काय? दिवसभर करतो. मी ऐकते ना."

"लोक म्हणत्यात, काढून टाकलंय, आईला सांगत न्हाई. मला काय कळतंय? मी कवा बघितलंच न्हाई काम करताना." मग तिने पदराने चेहरा पुसला. "काम आसंल तर मंग त्याला म्हणावं, जा पुण्याला. माज्यापायी बसलाय हितं. तुमचं ऐकंल त्यो."

ती गेल्यावर मी चहा घेऊन वर गेले. बोटं वर झाली नाहीत. त्याने हेडफोन काढून गळ्यात अडकवला होता. खालचं बोलणं त्याला ऐकू आलं असावं. म्हणाला, "बाई, तुम्हालाही वाटतं मी जावं?"

मला अजिबात वाटत नव्हतं. तो गेला की हे घर पुन्हा कसं होईल ते मला स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, "तुझ्या आईला वाटतं." मी फक्त आईचंच सांगितलं हे त्याच्या लक्षात आलं. तो हसला आणि म्हणाला, "चहा गरम आहे आज." त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने माझ्यासमोर पूर्ण कप संपवला.

तो पुण्याला गेला. गाई विकल्या. आईला बरोबर चल म्हणून त्याने खूप विनवलं. ती म्हणाली, मी आले तर आता सासूची अडचण निघायची, आधी लग्न होऊ दे. वर्ष उलटायच्या आत लग्न झालं. मुलगी खरोखर चांगली आहे. तिची नोकरी ऑफिसात जाऊन करायची. सकाळी ती डबा घेऊन निघते, दिवस मावळल्यावर येते. हा आठव्या मजल्यावर, बंद दाराआड, तेच काम करतो. आई मधे चार दिवस राहून आली आणि वस्तीवरच बरं म्हणून परतली. पाहुणी आली म्हणून त्याने ते चार दिवस सुटीच काढली होती.

लग्नानंतर एकदा मी त्याला फोनवर विचारलं, आता तरी कामात मन लागत असेल, कुणाची मोटार नाही, कुणाचा दवाखाना नाही. तो म्हणाला, "बाई, इथे दिवसभर कुणी हाकच मारत नाही." मग मला वाईट वाटू नये म्हणून लगेच म्हणाला, छान चाललंय, घरातून नदी दिसते.

माझ्या दारात अजून अधूनमधून कुणी येऊन माडीकडे हाक मारतं. मग त्याचं त्यालाच आठवतं आणि माझ्याकडे न बघता निघून जातं.

परवा त्याची आई आली. तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, म्हणून पोराचं तोंड बघायचं असलं की ती माझ्याकडे येते. इंटरनेटचा डबा त्याने कामासाठी माडीवर टेबलाशी नेला होता, तो अजून तिथेच होता, आणि त्या दिवशी खालच्या खोलीत माझा फोन नीट लागेना. मी म्हटलं, वर जाऊन बघते. ती म्हणाली, मीबी येते. कठडा धरत, एकेका पायरीवर थांबत ती वर आली. मी तिला त्याच्या खुर्चीवर बसवलं. तिने टेबलावरून हात फिरवला. कपाचे गोल डाग अजून होते.

फोन लागला. मी तो टेबलावरच्या डब्याला टेकवून तिच्यासमोर उभा केला. पडद्यावर त्याचा चेहरा आला, मागे पांढरी भिंत, कानांवर हेडफोन. तो दुसऱ्या कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होता. आईला बघून डोळ्यांनी हसला आणि दोन बोटं वर केली. मग तोंड लॅपटॉपकडे वळवून बोलायला लागला. फोन त्याने बंद केला नाही, बाजूला तसाच ठेवला. आम्हाला त्याची एक बाजू दिसत होती, कान, गाल आणि हलणारे ओठ.

बराच वेळ झाला. दोन मिनिटं म्हणजे किती ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "वहिनी, बंद करते. नंतर करेल तो."

तिने माझा हात धरला. डोक्यावरून पदर घेऊन ती ताठ बसली होती. आपला श्वाससुद्धा तिकडे ऐकू जाईल की काय, अशा हलक्या आवाजात ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, बाई. काम करतंय माजं पोरगं. बघू द्या मला."

मी तिच्या शेजारी पलंगावर बसले. तो बोलत होता, मधूनच काहीतरी लिहून घेत होता, कपाळाला आठी घालून ऐकत होता. आम्ही दोघी गप्प बसून त्याच्याकडे बघत राहिलो.