न्हावी आला म्हणजे मुक्काम लांबला

दुपारी अबोली ओवायला चार बायका बसल्या की फुलं संपतात, किस्से उरतात. वसईजवळच्या निर्मळला माझ्या ओट्यावर ते इतके साठलेत की आता बसायला जागा नाही. मी शाळेची पायरी चढलेली नाही. सुकटीच्या पुड्यांच्या कागदांवर अक्षरं शिकले. पण पेपर मीच वाचायची, मोठ्याने, आणि मध्ये कुणी बोललेलं मला खपत नसे.

अपवाद एकच, अर्नाळ्याहून सुकट विकायला येणारी काशी. तिला कोण गप्प करणार!

*

कुवेतची लढाई संपली होती. पेपरात आलं, मदतीला आलेलं काही परदेशी सैन्य तिथेच थांबणार. मी वाचून दाखवलं.

काशी टोपली खाली ठेवत म्हणाली, "जायाचा दिस लिवलाय का?"

मी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. सगळं होतं. जायचा दिवस तेवढा नव्हता!

*

हे गावातल्या रिटायर्ड मास्तरांच्या कानावर गेलं. ते मुद्दाम समजवायला आले. "रेजिनाबाई, यातलं तुम्हाला कळायचं नाही. मोठ्या देशाच्या सावलीत छोटा देश सुखाने राहतो."

मी म्हटलं, "मास्तर, सावलीत मोगरा फुलत नाही."

मास्तर रागावून गेले. दुसऱ्या दिवशी पाहते तर आंब्याखालचा स्वतःचा मोगरा उपटून उन्हात लावताहेत. मत मात्र शेवटपर्यंत बदललं नाही!

*

आमच्या ओट्यावरच्या फिलूचा नवरा वारलेला, आणि एकुलता एक विल्सन कुवेतला त्याच सैनिकांच्या कॅम्पात स्वयंपाकी. त्याचं पत्र आलं की मीच वाचायची. "आई, यांचा पाव वेगळा, चर्च वेगळं. केस कापणारासुद्धा यांनी आपलाच आणलाय."

काशीने कपाळावर हात मारला. "न्हावी आनला? मंग ते काय लवकर जात नाय!"

पत्राच्या शेवटी होतं, "इथे सगळे त्यांच्या जिवावर निर्धास्त आहेत. तूही वाडीवर दोन माणसं ठेव."

*

वाडीचा घोर खराच होता. फिलूची केळीची वाडी बिल्डरच्या दलालांना हवी होती. एकदा तर कुणीतरी केळीची अख्खी ओळ आडवी केली. फिलूचं म्हणणं एकच, "मी मेल्यावर विका." मग विरारला राहणाऱ्या तिच्या भाच्याने रक्षण करायला दोन पैलवान पाठवले.

पहिल्या दिवशी त्यांची खाट आली. मग टीव्ही. पिकलेला घड घरात येण्याआधीच संपायला लागला. फिलू म्हणायची, "जाऊ दे गं, आपल्याच भल्यासाठी आहेत."

तिसऱ्या आठवड्यात काशी धापा टाकत ओट्यावर आली. "फिलू! वाडीत न्हावी आलाय!"

*

फिलू हातातली फुलं टाकून उठली. फाटकाला नवं कुलूप. आतून अर्ध्या दाढीला साबण लावलेला पैलवान ओरडला, "कोण पाहिजे?"

फिलूने बाहेरूनच विचारलं, "मालकीणबाई आहेत का?"

"बाहेर गेल्यात. नंतर या."

त्या संध्याकाळी खाट, टीव्ही आणि दोन्ही पैलवान रस्त्यावर होते. एकाची दाढी अर्धीच!

*

आता रक्षण कोण करणार? मी ओटाच हलवला. रोज दुपारी आम्ही सगळ्या फुलांसकट फिलूच्या फाटकात. दलाल गाडीतून उतरला, "काय ठरलं?"

मी म्हटलं, "फुलं विकायची आहेत, वाडी नाही."

बिचारा दोन गजरे घेऊन गेला. पुन्हा आला नाही.

मी खूश. पायाला बरं पडावं म्हणून घरून माझी खुर्ची आणली. चहाचा स्टोव्ह आणला. महिन्याभराने फिलूने माझ्या खुर्चीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "रेजिनाबाय, तुमचा जायचा दिवस कोणता?"

मला असा राग आला! काशी मात्र हसून हसून टोपलीवर कलंडली. मग मलाही आवरेना. म्हटलं, "शनिवार!"

*

शनिवारी शेवटची माळ ओवत होतो. फाटकाबाहेर रिक्षा थांबली. गॉगल, मोठी बॅग, न कळवता आलेला विल्सन! आम्ही उठणार, तोच फिलूने हाताने थांबवलं. कोयता हातात घेऊन फाटकाशी गेली. कडी काढली नाही.

"कोण पाहिजे?"

"अगं आई, मी!"

"ते दिसतंय. किती दिवस?"

विल्सनने गॉगल काढला. "असं काय विचारतेस?"

"रिटर्न तिकीट दाखव."

"नाही काढलं गं."

फिलूने कडी काढली, कोयता भिंतीला टेकवला, माझ्या हातातली दोरा कापायची कात्री ओढून घेतली आणि त्याला म्हणाली, "बस त्या पायरीवर. केस किती वाढलेत!"