एक वीत खाली उतरलेली चूल

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. नंदुरबारजवळच्या कोरीट गावातल्या आपल्या घरात सिंधुबाई पाटील भिंतीकडे तोंड करून उभ्या आहेत आणि उजव्या हाताची दोन बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवत आहेत. बोटं कपाळाच्या उंचीवर थांबतात. दहा आकडे मोजून होतात, मग हात तसाच सावकाश खाली येतो. फेब्रुवारीत तो छातीच्या वर जात नव्हता.

आज अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. मुलगी सीमा काल सुरतेहून आली आहे. दरवर्षी या सणाला ती आईच्या हातचा मांडा आणि आमरस खाते. यंदा तो मांडा होणार की नाही, हे आज ठरायचं आहे.

सिंधुबाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. आसपास कुठे लग्न असलं की मांडे करायला त्यांना बोलावणं येतं. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत, फिरवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. एका बैठकीत पन्नास मांडे होतात. डिसेंबरात लोणखेड्याच्या एका लग्नात एकतिसावा मांडा टाकताना खांद्यात काहीतरी फाटल्यासारखं झालं. उरलेले एकोणीस त्यांनी तरीही केले.

नस चढली, असं गावाने ठरवलं. मोडलेला हात बांधतात, तसा त्यांनी हा हात लुगड्याच्या पट्टीने छातीशी बांधला आणि दोन महिने हलवला नाही. दुखणं राहिलंच, वर सांधा आखडला. उजव्या कुशीवर झोपता येईना, केस विंचरता येईनात. मग रोज सकाळी दार लावून घेऊन नवरा, छगन, वेणी घालू लागला. शेजारच्या जसोदाबाईंच्या ते लक्षात आलंच. "वेणी तिरपी शे," असा त्यांनी ओट्यावरून टोमणा मारला. छगनने वर न बघता उत्तर दिलं, "मी पेंढी बांधाले शिकनू, वेणी नही."

नंदुरबारच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. खांद्याच्या गोल हाडाला चार स्नायू चारी बाजूंनी धरून ठेवतात, त्यांतल्या वरच्या स्नायूची दोरी अर्धवट फाटली आहे, असं त्यांनी सांगितलं. वर्षानुवर्षं हात वर करून करून ती आधीच झिजली होती. पूर्ण तुटली असती तर ऑपरेशनचा विचार लगेच करावा लागला असता. आता तीन महिने व्यायाम, आणि फरक पडला नाही तर पुढचं. पट्टी त्यांनी तिथेच सोडायला लावली.

व्यायाम शिकवायला रोशनी होती, सव्वीस वर्षांची फिजिओथेरपिस्ट. पहिल्या दिवशी सिंधुबाईंनी तिला एकच गोष्ट विचारली: अखाजीला मांडा करता येईल का? रोशनीने हो किंवा नाही म्हटलं नाही. तिने ओला टॉवेल त्यांच्या हातात दिला, जमिनीवर बसवलं आणि मांडा कसा टाकता ते दाखवायला सांगितलं. खापर कुठवर येतं, हे सिंधुबाईंनी डाव्या हाताने दाखवलं. थेट खांद्यापर्यंत. म्हणजे प्रत्येक मांड्याला कोपर खांद्याच्या वर जात होतं.

"चूल खाली न्या, नाहीतर तुम्ही वर बसा," रोशनी म्हणाली. "आणि तीनच. चौथा नाही."

सिंधुबाईंना ते पटलं नाही. आईची, आजीची चूल याच उंचीची होती. घरी आल्यावर त्यांनी रोशनीचं म्हणणं छगनला तक्रारीच्या सुरात सांगितलं. गेल्या आठवड्यात त्याने परसातली चूल मोडली, वीतभर खोल खड्डा खणला आणि त्यात ती पुन्हा रचली. बसायला लाकडी पाट ठेवला.

साडेदहाला खापर तापलं. सिंधुबाईंनी पहिला मांडा हातांवर घेतला. सीमा आईच्या कोपराकडे बघत होती. कोपर खांद्याच्या खालीच राहिलं. मांडा एका बाजूला किंचित दुमडला, पण खापरावर बसला. दुसरा दुमडला नाही. तिसऱ्यानंतर सिंधुबाईंनी परातीकडे पाहिलं. पुरण बरंच उरलं होतं. त्यांचा हात गोळ्याकडे गेला.

"सीमानी माय," छगन म्हणाला, "तीन झाले."

त्यांनी हात मागे घेतला, पाटावरून उठल्या आणि मुलीला तिथे बसवलं. सीमाचा मांडा हातावरच फाटला. दुसराही फाटला. तिसऱ्याला सिंधुबाई मागे उभ्या राहिल्या आणि डाव्या हाताने तिचं मनगट धरून फिरवू लागल्या. हात कुठे ढिला सोडायचा ते सांगितलं, आणि कुठे आवरायचा तेही. तोही थोडा फाटला, पण खापरावर पडला.

पंगतीत सीमाने आईच्या मांड्याचा पहिला घास घेतला आणि लगेच दुसरा तोडला. छगनच्या ताटात सीमाचे फाटलेले मांडे होते. ते त्याने स्वतःच वाढून घेतले होते.

संध्याकाळी खांदा थोडा ठणकला. सिंधुबाईंनी बर्फाची पिशवी लावली आणि रोशनीला फोन करून आकडा सांगितला: तीन. उद्या सोमवार. रोशनीकडे त्यांची वेळ साडेनऊची आहे.