टाईम मशीनमधून आलेले लेखक आणि कपाटाची चावी

मंडळी, आज दुपारभर वाचनालयात बसून कथास्पर्धेचे कागद तपासले. डोकं भणभणतंय. विषय मीच दिला होता: ज्यांचा धडा आपण शिकतो ते शंभर वर्षांपूर्वीचे थोर लेखक टाईम मशीनने बुऱ्हाणपुरात आले तर?

जवळपास सगळ्या मुलांनी त्यांना स्टेजवर बसवलं. शाल, श्रीफळ, निंबोला गावच्या केळीचा घड, चार पाहुण्यांची भाषणं. लेखकांना बोलायला वेळच उरला नाही. मुलांचं तरी काय चुकलं? अशाच सत्कारांना मी त्यांना बसवत आलेय.

शेवटचा कागद दापोऱ्याच्या एका मुलीचा. तिच्या कथेत लेखक थेट आमच्या वाचनालयात येऊन स्वतःचंच पुस्तक मागतात. वाचनालयाच्या मॅडम म्हणतात, कपाटाला कुलूप आहे, उद्या या. ते काचेतून पुस्तक बघतात, आपल्या काळात परत जातात आणि ते पुस्तक लिहीतच नाहीत. कपाटात एक जागा रिकामी होते. कोणाच्या लक्षातही येत नाही.

तिला फोन केला. "अगं, हे कसं सुचलं तुला?"

"मॅडम, मी दोन बार आली होती ना. तुम्ही बोलल्या, चाबी नहीं है."

चावी माझ्या पर्समध्येच असते. पुस्तकं हरवतात म्हणून.

उठून कपाट उघडलं. लेखकांचं पुस्तक जागेवर होतं. जीव भांड्यात पडला. मग पुस्तक नेल्याच्या तारखा लिहितात तो मागचा कागद पाहिला. एकही तारीख नाही.

तुमच्या गावातल्या कपाटाची चावी कोणाकडे असते हो?