हँडल धरून घातलेलं गाराणं

उल्हास गेल्याचा फोन आला तेव्हा मी दारात आलेल्या पोदेराकडून पावाचे उंडे घेत होतो. त्याची बायको, सुलभावहिनी, एवढंच म्हणाली, "भावजी, तुमचो दोस्त गेलो." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "म्हणजे ह्यांत पण तो पुढेच!" पोदेर माझ्याकडे बघतच राहिला. पलीकडे वहिनी रडता रडता चक्क हसली. तिला कळलं होतं. आता काही आठवडे गेलेत, तरी ते वाक्य मी मागे घेत नाही. आयुष्यभर हा माणूस माझ्या पुढे राहिला, आणि तोही लबाडी करून!

लबाडी म्हणजे काय, ते सांगतो. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून थोडीच वर्षं झाली होती. उल्हास मूळचा गोव्यातल्याच चोपड्याचा, मी मयेचा, आणि दोघंही डिचोलीला एका खाणीच्या कचेरीत टेबलाला टेबल लावून बसायचो. त्याचा मेव्हणा बोटीवर होता. एकदा सुट्टीवर येताना त्यानं एक सायकल आणली. रुंद हँडल, मध्ये आडवी दांडी, दातेरी जाड टायर, एकच गिअर, ब्रेक फक्त मागे, आणि बसायला नावापुरती सीट. पोरांच्या मातीतल्या शर्यतीच्या बीएमएक्ससारखीच, पण चाक विसाऐवजी चोवीस इंची. हिला म्हणतात क्रूझर. विसाच्या सायकलवर आमच्यासारख्या वाढलेल्या माणसांचे गुडघे हँडलला आपटतात, म्हणून ही मोठी. उल्हासनं कचेरीत जाहीर केलं, "बीएमएक्स भुरग्यांची, क्रूझर बापयांची!" महिन्याभरात मीही एक चोवीसची मिळवली. मागे राहतो की काय!

शर्यतीला लागतात मातीचे उंचवटे आणि वळणावर चढती भिंत, म्हणजे वेगात असताना सायकल आडवी करून वळता येतं. जवळच सर्वणला फटूदादा म्हणून एका शेतकऱ्याचं शेत कापणीनंतर मोकळं असायचं. आमच्यासारखे आणखी काही हौशी जमले, आम्ही फावडी घेऊन तिथे उंचवटे घातले, फटूदादांना वचन दिलं की पावसाआधी सगळं सारखं करून देऊ, आणि दरवर्षी दिलंही. हेल्मेट म्हणून खाणीतल्या पिवळ्या टोप्या. पॅडलचे दात नडगी सोलून काढायचे, म्हणून पोफळीची वाळलेली विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं जाड आवरण, सुतळीनं पायाला बांधायची. ती अशी करकर वाजायची की मागून कोण येतंय ते न बघता कळायचं. आज पोरं झकपक पॅड घालून येतात, पण विरीचा तो आवाज त्यांना नाही, बिचाऱ्यांना!

फटूदादांची अट मात्र एकच. "राखणदाराक सांगल्याबगर माज्या शेतात कोण धांवचो ना." राखणदार म्हणजे शेत राखणारा देव, त्याच्या पुढ्यात नारळ ठेवून गाराणं घालायचं. एकानं देवाकडे मागणं मागायचं आणि दरेक मागण्यावर सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आमच्यात गाराणं येणारा एकटा उल्हास, कारण चोपड्याला त्यांच्या घरातच ते काम. बाहेर म्हणे या शर्यतीला सुरुवातीला फाटक असतं, दिवे लागतात. आम्ही ठरवलं, गाराण्यातला शेवटचा "व्हय म्हाराजा" झाला की सुटायचं. पहिल्या वर्षी पहिल्याच "व्हय म्हाराजा"ला सगळी टोळी उधळली! उल्हास डोळे मिटून आपला "कोणाचो हात मोडूं नको, कोणाचो पाय मोडूं नको" करतोय, आणि आम्ही दुसऱ्या वळणावर. फटूदादा काठी घेऊन धावले, सगळ्यांना परत आणलं, देवाची माफी मागायला लावली.

त्यानंतर नियम झाला. "ह्या खेळाक येस दी रे म्हाराजा" असं यशाचं मागणं आलं की तेच शेवटचं. आणि इथेच त्या गृहस्थाचं फावलं. आता शेवटचं मागणं कधी येणार ते माहीत कोणाला? त्यालाच! एखाद्या वर्षी तळीचं पाणी, गुरंढोरं, शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न, सगळं मागत बसायचा. आम्ही पॅडलवर पाय ठेवून अवघडलेले. एखाद्या वर्षी राखणदाराचं नाव घेतलं न घेतलं तोच "येस दी". आम्ही तोंड उघडून "व्हय" म्हणेपर्यंत ह्याचं मागचं चाक आमच्या नाकावर धूळ उडवतंय! आणि क्रूझरच्या शर्यतीत एकच फेरी. पहिल्या उंचवट्यावर जो पुढे, तो बहुतेक पुढेच.

मी भांडायचो. "देवाक हात जोडतत रे! हँडल धरून गाराणां खंय घालतत?"

"देवाक ठावक आसा, माजे हात खंय गुतल्यात ते."

"मग माका घालूंक दी."

"राखणदार तुका वळखना, मना."

असं मला नावानं हाक मारून बोलायचा, वर माझ्याच पाठीवर थाप मारायचा. मला चीड यायची हो, खरी चीड. घरी जेवताना बायको म्हणायची, दुसरे आलात ना, मग पुरे झालं. नाही पुरे! मला एकदा, फक्त एकदा त्याच्या पुढे जायचं होतं. केस पिकले, दोघंही निवृत्त झालो, आमच्या गटात नवी माणसं आली, तरी ते काही सुटलं नाही.

गेल्या शिगम्याआधीची, म्हणजे होळीच्या आधीची शर्यत. उल्हास दुखण्यानं अर्धा झाला होता. डॉक्टरनं काय सांगितलंय ते वहिनीनं मला आदल्या आठवड्यात सांगितलं होतं. तरी आला, त्याच जुन्या क्रूझरवर. रेषेवर उभा राहिला आणि मला म्हणाला, "मना, माज्यान दम धरूंक जायना. गाराणां तू घाल."

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात लाडू फुटले. दोन मागणी मागायची आणि सुटायचं! त्याला दाखवतो आता. मी सुरू केलं, "बा राखणदारा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां हांगा जमल्यात..." "व्हय म्हाराजा!" उल्हासचा आवाज सगळ्यांत मोठा. आणि मग मला काय झालं कोण जाणे. "ह्या उल्हासाच्या अंगात जी काय पिडा आसा, ती भायर काड रे म्हाराजा... ताका आमच्यांत ठेव... सगळ्यांक आसा तितकी वर्सां ताका दी..." मागतच सुटलो. शेवटी कसंबसं "येस दी" म्हटलं, "व्हय म्हाराजा" झालं, धूळ उडाली, आणि मी जाग्यावरच. माझे दोन्ही हात जोडलेले!

मग मात्र जीव तोडून सायकल मारली. मुद्दाम मागे राहिलो असं कोणी म्हणू नये, तो त्याचा अपमान झाला असता. शेवटच्या वळणावर त्याला गाठलं, सरळ पट्ट्यात बरोबरीला आलो, आणि अर्ध्या चाकानं हरलो. उल्हास सायकलीवरून उतरून जमिनीवरच बसला. धाप लागलेली, आणि हसू आवरत नव्हतं. "इतक्यां मागतत रे? देव कंटाळलो आसतलो!"

देवानं ऐकलं नाही. याचा मला राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. पण त्या फेरीत मी त्याच्या बरोबरीला आलो होतो, हेही खरं.

कापणी झालीय. परवा शर्यतीची माणसं घरी आली, फावडी घेऊनच. उंचवटे घालायचे आहेत आणि यंदा गाराणं मीच घालायचं, असं त्यांचं ठरलंय. घालीन. शेवटचं मागणं कधी येणार, ते आता एकट्या मला माहीत असणार आहे. पहिला येईनही कदाचित. पण कोणाच्या पुढे?