काळी वाळू आणि बाबांचे कान

माझे बाबा पुण्यातल्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे. जन्मभर शिकवलं, आणि जन्मभर पायाखाली एकच दगड. आमच्याकडे कुठेही कुदळ मारा, काळा बेसाल्ट लागतो, आणि त्यात सोनं नसतं. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. त्यांचे काही विद्यार्थी पुढे खाणींवर नोकरीला लागले, आफ्रिकेत गेले, तिथून फोटो पाठवायचे. बाबा ते फोटो घरी येईल त्याला दाखवायचे.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांचं तीन महिन्यांसाठी माझ्याकडे जपानला, कावासाकीला यायचं ठरलं. आईला थंडी सोसत नाही, ती पुण्यातच राहिली. तुम्हाला इथे काय बघायचंय, असं मी फोनवर विचारलं, तर फुजी नाही, देवळं नाही, काही नाही. म्हणाले, "जुन्या सोन्याच्या खाणीच्या खालच्या अंगाला एखादी नदी बघ. आणि एक मेटल डिटेक्टर. तांदळाएवढा कण मिळाला तरी पुरे. मला तो जमिनीत असताना एकदा ऐकायचाय."

ऐकायचाय म्हणजे काय, हे मला नंतर कळलं. त्या यंत्राला हेडफोन लावतात, आणि जाणकार माणूस नुसत्या आवाजावरून खिळा कुठला आणि सोनं कुठलं हे ओळखतो म्हणे. बाबांनी यावर इतके व्हिडिओ पाहिले होते की आई वैतागून गेली होती.

त्यांनी मला एका कागदाचा फोटो पाठवला. फळ्यावर लिहायचे तशाच अक्षरात यंत्र कसं हवं ते लिहिलं होतं. डोंगरातल्या नद्यांच्या वाळूत लोखंड असतं, यंत्र त्या जमिनीलाच ओरडत सुटतं, म्हणून जमिनीचा आवाज आपल्या हाताने वजा करायची सोय त्यात हवीच हवी. बारीक कण पकडायचा तर फ्रिक्वेन्सी जास्त हवी. जमिनीवरून फिरवायची तबकडी छोटी हवी. पडदाबिडदा नसला तरी चालेल. आणि खाली, दोन रेघा मारून: पैसे मी देईन.

इथे माझा मोठेपणा आडवा आला. "बाबा, आता मी तुमच्याकडून पैसे घेणार का?" मी म्हटलं. त्यांनी दोनदा आग्रह केला, मी दोनदा झिडकारला. मला त्या वेळी स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. माझं पोट दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर भरतं. त्यामुळे यंत्र निवडणं मी ऑफिसच्या कामासारखंच हातात घेतलं. दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत एक्सेल शीट भरत बसले. एकीकडे बाबांच्या कागदातलं सगळं असलेलं यंत्र होतं, त्याची किंमत पाहून माझे डोळे पांढरे झाले. दुसरीकडे त्याच्या चौथाई किमतीत एक चकचकीत यंत्र होतं, पडदावालं, वर पाच-पाच चांदण्या. चांदण्या देणारे सगळे लोक मुलांना घेऊन समुद्रावर नाणी शोधायला गेलेले होते. एकानेच लिहिलं होतं की डोंगरात नेल्यावर थोडं वाईट वाटलं. इतकी वर्षं इथे राहून मला ठाऊक आहे, जपानी माणसाने 'थोडं वाईट वाटलं' लिहिलं की वस्तू भंगार समजावी. मी ते वाचलं आणि पुढे गेले. तीन महिन्यांची हौस, मी स्वतःला समजावलं, नंतर ते कपाटात पडणार, आणि शेवटी सोदाई गोमी म्हणून, म्हणजे मोठ्या वस्तूंच्या कचऱ्यात, वर स्टिकर विकत घेऊन चिकटवून मलाच टाकून यावं लागणार. मी स्वस्तातलं मागवलं.

बाबा आल्यावर खोकं उघडलं. माहितीपुस्तिका सगळी जपानीत. बाबा चष्मा लावून आकृत्या बघत होते. "जमिनीचा आवाज वजा करायचं बटण कुठलं?"

"ते आपोआप होतं," मी म्हटलं.

ते अर्धसत्य होतं. कारखान्यातच एक आकडा ठरवून टाकलेला होता, तो हलवता येत नव्हता. त्याच पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की लोहयुक्त वाळूच्या जागी या यंत्राचा वापर योग्य नाही. मी पान उलटलं.

घरात आम्ही उशीखाली माझी अंगठी ठेवून पाहिली. यंत्र टुणकन वाजलं. बाबा लहान मुलासारखे हसले. ऑफिसात कुणी 'माझ्या कॉम्प्युटरवर तर चालतंय' म्हणालं की मी त्याला सोलून काढते. इथे मीच टाळ्या वाजवल्या.

मग सुरू झाले रविवार. नवऱ्याने पहिल्याच दिवशी अंग काढून घेतलं, तेव्हा जायचं आम्ही दोघांनीच. तीन गाड्या आणि एक बस. यंत्र बॅडमिंटनच्या पिशवीत, पाठीला पोळीभाजीचा डबा. यामानाशीच्या डोंगरात जुन्या खाणीखालची एक नदी मी शोधली होती, आणि तिथल्या गावाच्या ऑफिसात फोन करून आधीच विचारलं होतं; काठ खणू नका, हौसेपुरतं हाताने करा, असं त्यांनी सांगितलं होतं. नदीला पाणी कमी होतं. बाबांनी खिशातून दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक काढून वाळूत फिरवलं, तर त्याला काळी दाढी फुटल्यासारखी वाळू चिकटून आली. "मॅग्नेटाइट," ते खूश होऊन म्हणाले. "हाच खरा त्रास. पण आपलं ऑटोमॅटिक आहे ना, बघू."

यंत्र चालू केलं आणि ते जे किंचाळायला लागलं ते थांबेचना. वाळूवर किंचाळलं, काळ्या धोंड्यांवर किंचाळलं, हवेत उचललं की गप्प, खाली टेकवलं की पुन्हा सुरू. बाबा प्रत्येक आवाजाला खाली बसायचे, खुरप्याने उकरायचे, मूठमूठ वाळू तबकडीवरून फिरवायचे. निघायचं काय? बाटलीचं झाकण, गंजका गळ, आणि बहुतेक वेळा काहीच नाही. सेन्सिटिव्हिटी कमी करून पाहिली तर यंत्र इतकं मुकं झालं की माझी अंगठीसुद्धा त्याला कळेना. चार तासांत त्यांचे गुडघे मोडले आणि माझा रविवार. येताना मी रेल्वेत त्यांच्याशी धड बोलले नाही. खाई त्याला खवखवे; खरा राग कशाचा होता ते मला नीट माहीत होतं.

दुसऱ्या रविवारी तिथे एक म्हातारे गृहस्थ भेटले. रबरी बूट, हातात वाळू धुवायची हिरवी प्लॅस्टिकची थाळी, बाबांच्याच वयाचे. ते बराच वेळ लांबून आमच्या यंत्राचं ओरडणं ऐकत होते. मग जवळ आले, मान लववली, आणि मला म्हणाले, "माफ करा हं, पण हे यंत्र इथे चालायचं नाही. ही सगळी लोखंडाची वाळू. मीही आधी असलंच घेतलं होतं आणि फसलो होतो. तुमच्या वडिलांना सांगा, त्यांचं काही चुकत नाहीये."

बाबा हेडफोन गळ्यात घेऊन उत्सुकतेने माझ्याकडे बघत होते. "काय म्हणतायत?"

मला तिथल्या तिथे सगळं सांगता आलं असतं. पण मग ऑटोमॅटिकचं काय, पुस्तिकेचं काय, आणि 'मी तुमच्याकडून पैसे घेणार का' याचं काय? मी म्हटलं, "म्हणतायत, प्रॅक्टिस लागते. कान तयार व्हावे लागतात."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. आणि त्या गृहस्थांना त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, हेडफोन चढवला, आणि पुन्हा त्याच वाळूवर यंत्र फिरवायला लागले. ते गृहस्थ थोडा वेळ उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि वरच्या अंगाला निघून गेले.

त्यानंतर बाबा घरी बसून सराव करायला लागले. मोबाईलवर सोन्याच्या आवाजाचे व्हिडिओ लावायचे, डोळे मिटायचे, बोटाने टेबलावर खूण करायची. मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना मेसेज: आज दहापैकी नऊ ओळखले. आणि रविवारी नदीवर पुन्हा शून्य. तिसऱ्या खेपेला त्यांनी हेडफोन मला लावला. "आत्ता या धोंड्यापाशी आवाज बदलला का गं? मला बदलल्यासारखा वाटला." मला एकच कर्कश आवाज ऐकू येत होता. मी नाही म्हटलं. ते हसून म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं, असं झालंय माझं. उगाच जमिनीला दोष देतोय." अंगण खरंच वाकडं होतं. मी डबा उघडला आणि बसची वेळ झाली असं सांगितलं.

चौथ्या रविवारी मी उठून पिशवी भरली, तर ते अंथरुणातच बसून होते. "राहू दे," म्हणाले. "तुझी सुट्टी वाया जाते." मला बरं वाटलं, हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं. परत जाताना विमानतळावर त्यांनी मला थोपटलं. "यंत्र चांगलं घेतलं होतंस हो. कानच साथ देईनात."

महिन्याभराने आईचा फोन आला. बाबा घरात नसताना केला होता. "यांचं काय बिनसलंय तिकडे?" ती म्हणाली. "कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्याने तपासून सांगितलं, वयाच्या मानाने उत्तम आहेत. तर म्हणतात, मग कानाचं नाही, डोक्याचंच असणार. आवाज येतो पण मला तो कळत नाही. दुसऱ्या डॉक्टरची वेळ घेतलीये, मेंदूच्या."

"काहीतरीच काय!"

"ऐक तर. कॉलेजची मुलं दर महिन्याला यांना टेकडीवर न्यायची ना, दगड दाखवायला? ते बंद केलंय. मुलांना म्हणाले, मला आता भरवसा नाही, चुकीचं सांगेन. पोरं दाराशी येऊन परत गेली गं."

मला इतका संताप आला की मी आईवरच ओरडले. तू त्यांना समजावत का नाहीस, प्रत्येक गोष्टीचा इतका बाऊ कशाला करता तुम्ही लोक! वड्याचं तेल वांग्यावर. आईने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात उभी राहून गॅसच्या शेगडीकडे बघत राहिले. डॉक्टरकडे जाऊन स्वतःचं डोकं तपासून घ्यायला निघालेल्या माझ्या बाबांच्या डोक्यात काहीच बिघाड नव्हता. बिघाड मी खोक्यात घालून त्यांच्या हातात दिला होता, आणि एका भल्या माणसाने तो दाखवून दिला तेव्हा त्याचं तोंड मी बंद केलं होतं.

संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल लावला आणि बाबांना सगळं सांगितलं. क्रमाने सांगायचं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. किंमत आधी सांगितली, मग पुस्तिका, मग ते गृहस्थ काय म्हणाले होते ते. शब्दन् शब्द सांगितला, 'त्यांचं काही चुकत नाहीये' हेसुद्धा. सांगताना मी रडत होते, आणि रडण्याचाही राग येत होता, कारण रडणाऱ्या मुलीला बाप काय बोलणार?

 

"म्हणजे डोकं ठीक आहे," बाबा म्हणाले.

"हो, बाबा."

"अगं ऐकलंस का?" ते वळून आईला ओरडले. "यंत्रच तसलं होतं! मी म्हणत होतो ना, धोंड्यापाशी आवाज बदलला म्हणून!" आणि ते हसायला लागले. मला ते एक शब्दही रागाने बोलले नाहीत. मेंदूच्या डॉक्टरची वेळ त्यांनी दुसऱ्याच दिवशी रद्द केली. पुढच्या महिन्यात आईने टेकडीवरचा फोटो पाठवला, बाबा मध्ये, हातात दगड, भोवती मुलं. मला वाटलं, मी सुटले.

मध्यंतरी मी आईच्या गुडघ्यांसाठी इथल्या औषधांच्या दुकानातून दुखण्यावर लावायच्या पट्ट्यांची चार पाकिटं पाठवली. मिळाल्याचा फोन आला. पाकिटावरचं सगळं जपानीत, म्हणून नेहमीसारखी मी सांगायला लागले, दिवसातून किती वेळा लावायची, किती तास ठेवायची, कुठे लावायची नाही. तेवढ्यात बाबा आईच्या मागून पुढे आले, हातात पाकीट घेऊन.

"राहू दे गं," ते अगदी मायेने म्हणाले. "मी मोबाईल धरतो त्याच्यावर. त्यात मराठी भाषांतर येतं आता."