फौजीच्या बायकोचं पार्लर

पार्लरमधले केस रोज झाडून टाकता येतात. किस्से मात्र साठतच जातात, आणि फौजीच्या बायकोचं पार्लर असलं की विचारूच नका! पौडला एसटी स्टँडच्या मागं माझं दोन खुर्च्यांचं दुकान आहे. मैत्रिणी म्हणतात, "तुझ्याकडं काय बाई, रोजची करमणूक!" करमणूकच म्हणायची.

*

गाळा भाड्यानं घ्यायला गेले, तर मालकांनी आधी माझ्या मागं बघितलं.

"साहेब कुटं हायेत?"

"बॉर्डरवर."

"मग सुट्टीवर आले की या. बाईच्या नावावर करार न्हाई करत आमी."

सुट्टीला सहा महिने होते. शेवटी सासऱ्यांना नेलं. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. करार मी वाचून दाखवला, त्यांनी अंगठा उठवला, आणि मालक खूश!

*

कोळवणला फार्महाऊस घेतलेल्या एक मॅडम येतात. आयब्रो करताना डोळे मिटूनच म्हणाल्या, "तुम्हाला कॅन्टीनमधून ड्रिंक्स स्वस्तात मिळत असतील ना? साहेबांचा कोटा तसाही पडूनच असेल."

म्हटलं, "कोटा असतो मॅडम. साहेबच नसतात."

"अय्या, मग तर छानच!"

दोरा जरा जोरातच ओढला मी.

*

हे सुट्टीवर आले की दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसायचे. दारात मिशीवाला माणूस बघून बायका परत फिरायला लागल्या. मी वैतागून म्हटलं, "अहो, स्टँडवर जाऊन बसा ना!" बिचारे गेले. ज्या माणसाची वर्षभर वाट बघितली, त्याला मी स्टँडवर बसवून ठेवलं. त्या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

*

ह्यांच्या पोस्टवर रेंज येते ती नेमकी माझे हात डायनं भरलेले असताना! एकदा खुर्चीतल्या काकूंनाच म्हटलं, "तेवढा स्पीकर लावा."

पलीकडून हे म्हणाले, "ऐक, या वेळी मला भीती वाटतेय."

लग्नाला नऊ वर्षं झाली, पण असं ते कधी बोलले नव्हते. बोलले ते गिऱ्हाइकांसमोर. मी हात पुसेपर्यंत काकूच फोनकडं तोंड करून म्हणाल्या, "घाबरू नगा, आमी हाय हितं तिच्यापाशी."

लाईन केव्हाच कट झाली होती.

*

त्यानंतर आठवड्याभरातच टीव्हीवर बातमी आली. ह्यांच्या भागात चकमक झाली होती, नावं कळली नव्हती. दोन दिवस ह्यांचा फोन नाही. घरी बसवेना म्हणून दुकान उघडलं. दुपारी फोन वाजला आणि मी तशाच भरल्या हातांनी उचलला. कोळवणच्या एका नवरीची आई बोलत होती. तिच्या मुलीचा लग्नाचा मेकअप माझ्याकडं होता.

"ताई, साहेबांचा फोन आला का वो?"

दोन दिवसांत हे विचारणारी ही पहिलीच बाई. मला रडूच फुटलं. "नाही हो, अजून नाही आला."

"न्हाई, लगीन परवा हाय. नवरीला सवाष्णीचाच हात लागाय पायजे. उद्या सकाळपातूर फोन आला तर कळवा. न्हाईतर मी दुसरी बघती."