सहा वेळा फ्रेंच

दा अरेझ्की म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेला, टेलिफोनच्या तारा जोडणारा माणूस. आमच्यात वडीलधाऱ्या पुरुषाला ‘दा’ आणि बाईला ‘ना’ म्हणतात. अल्जीरियातल्या आमच्या कबाइली भाषेसाठी त्यानं तरुणपणी पोलिसांचा मार खाल्लेला. डावा कान तेव्हापासून गेला. असा माणूस असलं काही करील, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

गावसभेच्या खोलीसाठी सहा जुने संगणक आले. सोमवारी त्यानं पेनड्राइव्हवरूनच, संगणकात न बसवता, नवी प्रणाली चालवून पाहिली. भाषांच्या यादीत आमची कबाइलीही होती. त्यातल्या एकेका ओळीचे कबाइली शब्द म्हाताऱ्या ना जौहरच्या पोरानं, बेलाईदनं, वर्षानुवर्षं घरी बसून घातलेले. दोन हिवाळ्यांपूर्वी पोरगा वारला. दा अरेझ्कीनं म्हातारीला निरोप धाडला: शुक्रवारी ये, पोराचे शब्द बघ.

गुरुवारी त्यानं सहाही यंत्रांत प्रणाली कायमची बसवली. मी गावची मास्तरीण, कॉफी घेऊन शेजारीच बसलेली. पहिलाच प्रश्न भाषेचा. त्यानं फ्रेंच दाबली. आमच्यात बायकोशी कबाइलीत भांडतात, पण डॉक्टरशी आणि यंत्राशी फ्रेंचच बोलतात. मलाही काही खटकलं नाही. शेवटी एक ओळ आली: नको असलेल्या भाषा काढत आहे. सहा वेळा आली. बरं झालं, जागा वाचते, म्हणाला.

शुक्रवारी ना जौहर सणाचा झगा घालून, अंजिरं घेऊन आली. त्यानं यादी उघडली. फ्रेंच आणि इंग्रजी, बस्स. दा अरेझ्कीनं दुसरं यंत्र उघडलं. तेच. “कबाइली काढून टाकलीय,” मी म्हणाले.

“कुणी काढली?” म्हातारीनं विचारलं.

“यंत्रानं.”

“तुला न विचारता?”

त्यानं माऊस बाजूला ठेवला. “विचारलं होतं, ना जौहर. मीच फ्रेंच म्हणालो.”

“पोलिसांना जे जमलं नाही, ते तू कॉफी पिता पिता केलंस होय रे.” तिनं खुर्ची ओढली. “घाल पुन्हा. कुठं दाबायचं ते दाखव.”

तिला वाचता येत नाही. त्यानं पेनड्राइव्ह लावून एका यंत्रात प्रणाली पुन्हा बसवायला घेतली, भाषेच्या प्रश्नाला कबाइलीची ओळ दाखवली, बटण तिनंच दाबलं. तासाभरानं शेवटची ओळ उमटली, या वेळी आमच्या भाषेत.

“हे माझ्या पोराचं ना? काय लिहिलंय त्यानं?”

दा अरेझ्कीनं पडदा माझ्याकडे वळवला. मीच वाचलं: नको असलेल्या भाषा काढत आहे.